घरच्या घरी चरबी मोजताना: काय करावे, काय टाळावे

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा होता: २२.३. चरबी मोजणाऱ्या डेक्सा यंत्रावर मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे, हे त्यातले एक कारण. दुसरे कारण खोलवरचे आहे. याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. दंडाचा घेर, पोटाचा घेर या सगळ्यात आपली बाळे लहान. खांद्याच्या पात्याखालच्या कातडीच्या घडीत मात्र फरक फारच कमी. म्हणजे किरकोळ दिसणारे बाळही चरबी राखूनच जन्माला येते.

आमच्या घरात मामांना सगळे ‘काडी पैलवान’ म्हणायचे. पन्नाशीत त्यांना साखर निघाली, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटले. हातापायांच्या काड्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या, शर्टाआडचे पोट कोणी पाहिले नव्हते. ही यादी त्यांच्यासारख्यांसाठी आधी आहे, जाड माणसांसाठी नंतर.

टेप

घरातले सर्वांत स्वस्त आणि आपल्या अंगकाठीला सर्वांत उपयोगी साधन हेच.

करावे:

• टेप स्टीलच्या फूटपट्टीशी ताडून पाहावा. शिवणाच्या डब्यातला जुना कापडी टेप वर्षानुवर्षे ओढून लांबलेला असतो, आणि लांबलेला टेप पोट कमी दाखवतो. न ताणणारा नवा टेप घेतलेला बरा.

• पोटाचे माप हाडांवरून ठरवावे. कुशीत बोट फिरवून शेवटची बरगडी शोधावी, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ. दोन्हींच्या बरोबर मधे पेनने खूण करावी आणि टेप तिथून फिरवावा. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत हीच आहे. पोट सुटले की बेंबी खाली सरकते, हाडे जागच्या जागी राहतात.

• श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचावा. टेप कातडीला टेकलेला असावा, रुतलेला नसावा, आणि पाठीमागे खाली घसरलेला नसावा. आरशासमोर एका बाजूला वळून उभे राहिले की घसरलेला टेप लगेच दिसतो. दोनदा मोजावे. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजावे.

• दोन हद्दी पाठ असाव्यात. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर, बाईसाठी ८०. शिवाय पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला ही दुसरी कसोटी ८५ वरच थांबवते, म्हणजे ती जास्त कडक आहे. माझ्या मते घरात एकच कसोटी ठेवायची तर हीच ठेवावी. तिला ना बॅटरी लागते ना ॲप.

• टक्काच हवा असेल तर अमेरिकी नौदलाचे सूत्र वापरावे. हॉजडन आणि बेकेट यांनी ते १९८४ मध्ये बसवले. पुरुषाची उंची, मान आणि बेंबीच्या पातळीवरचे पोट एवढी मापे त्याला लागतात. बायकांसाठी पोट सर्वांत बारीक जागी मोजतात आणि नितंबांचा घेरही धरतात. मान कंठमण्याच्या खाली मोजावी, टेप पुढे किंचित उतरता ठेवून.

हे सूत्र किती नाजूक आहे ते एकदा आकडे घालून पाहावे. उंची १७०, मान ३८, पोट ९२ असेल तर उत्तर येते २२.९ टक्के. टेप मागे थोडा घसरला आणि पोट ९४ वाचले गेले, तर तेच उत्तर २४.३ होते. मान ३८ ऐवजी ३७ वाचली तर २३.६. माणूस तोच, सकाळ तीच. त्यात या सूत्राची मुळातलीच चूक साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि ते बसवले गेले अमेरिकी नौसैनिकांवर, आमच्या नाशिककडच्या सिन्नर-निफाडच्या माणसांवर नव्हे. म्हणून ‘२२.९’ वाचून दशांशात जीव गुंतवू नये. ‘विशीच्या थोडे पुढे’ एवढेच ते सांगते.

टाळावे:

• पँटचा नंबर म्हणजे पोटाचे माप समजू नये. पट्टा पोटाखाली बांधला की ३४ ची पँट वीस वर्षे बसते. ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर, पण त्याच माणसाचे बरगडीखालचे माप पंचाण्णव भरू शकते. ‘माझा नंबर बदललेला नाही’ या वाक्याने फार माणसे फसली आहेत.

• परकराच्या नाडीच्या वळावर टेप लावू नये. रोज साडी नेसणाऱ्या बायकांच्या कमरेवर नाडीचा खोल वळ पडलेला असतो आणि टेप आपोआप तिथे बसतो. तिथले माप कमी येते. खूण हाडांवरूनच करावी.

• पोट आत ओढू नये. लाज वाटत असेल तर खोलीचे दार लावून एकट्याने मोजावे, पण खरे मोजावे.

• हाडांवरून ठरवलेले माप आणि नौदलाचे बेंबीवरचे माप यांची सरमिसळ करू नये. वहीत दोन वेगळे रकाने ठेवावेत.

चरबी सांगणारा वजनकाटा

हा काटा चरबी मोजत नाही, हे आधी समजून घ्यावे. तळपायांतून तो अगदी मंद वीज सोडतो. पाण्याने भरलेल्या स्नायूंतून ती सहज जाते, चरबीतून अडखळत जाते. त्या अडथळ्यावरून, आणि आपण भरलेल्या वय, उंची, लिंगावरून, काटा अंदाज बांधतो. दोन पायांवरच्या काट्यात ही वीज मुख्यतः एका पायाने चढून दुसऱ्याने उतरते. पोटाचा हिशेब तो बराचसा तर्काने करतो. आपली अडचण नेमकी पोटात आहे, म्हणून टेप वर आणि काटा खाली.

करावे:

• सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्याही आधी उभे राहावे. दर वेळी तीच वेळ, तीच फरशी, तेवढेच कपडे.

• पाय धुऊन पुसून घ्यावेत. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात झळकतो त्या दिवसांत, टाचा फुटलेल्या आणि पावले गार असतात. कोरडी, गार कातडी विजेला अडवते आणि काटा चरबी वाढवून सांगतो. त्या दिवसांत पावले चोळून ऊब आणावी, मग चढावे.

• पाळी येणाऱ्या बायकांनी महिन्याच्या मोजणीसाठी पाळीच्या चक्रातला एकच दिवस ठरवावा. पाळीआधी अंगात पाणी धरते. त्या दिवसांतला आकडा पाहून जेवण तोडणे हा स्वतःवर अन्याय आहे.

• टक्क्याचे किलो करावेत. ७० किलोला २३ टक्के म्हणजे सुमारे १६ किलो चरबी. तीन महिन्यांनी ६८ किलोला २२ टक्के म्हणजे १५ किलो. वजन दोन किलो उतरले, त्यातली चरबी साधारण एकच किलो. दुसरा किलो पाणी असेल किंवा स्नायू, आणि स्नायू असेल तर ती चांगली बातमी नाही.

टाळावे:

• छातीत पेसमेकर किंवा तसे विजेवर चालणारे उपकरण बसवलेले असेल तर या काट्यावर चढू नये. गरोदरपणातही नको. घरी आलेल्या पाहुण्यांनाही हे विचारावे. असा काटा दिसला की प्रत्येकाला त्यावर उभे राहायचे असते.

• पांडवलेणीच्या पायऱ्या चढून किंवा गोल्फ क्लबच्या मैदानावर फेऱ्या मारून घामाघूम येऊन मोजू नये. कातडी तापलेली आणि रक्त उसळलेले असताना वीज सहज जाते, आणि चरबी उगाच कमी दिसते. व्यायाम आणि मोजणी यांत बारा तासांचे अंतर ठेवावे.

• मिसळीच्या रविवारनंतरच्या सोमवारी मोजू नये. तर्रीतले मीठ दिवसभर पाणी धरून ठेवते. आदल्या रात्री वाइन किंवा दारू घेतली असेल तरी मोजणी पुढे ढकलावी. ती पाणी बाहेर काढते आणि उलट्या बाजूने फसवते.

• श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून आल्यावर, किंवा एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, उतरलेल्या वजनावर खूश होऊ नये. उपास आणि श्रम यांत आधी यकृत-स्नायूंतला साखरेचा साठा जातो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जाते. एक किलो चरबीत ७,७०० कॅलरींच्या आसपास ऊर्जा असते. एका दिवसाच्या फेरीत तेवढी खर्च होत नाही. फेरी श्रद्धेने करावी, तिचा हिशेब काट्यावर मांडू नये.

• काट्यातला ‘ॲथलीट मोड’ लावू नये. रविवारी सायकलवर गंगापूर धरणापर्यंत जाऊन येणे चांगलेच आहे, पण ते बटण वर्षानुवर्षे आठवड्याला कितीतरी तास कसून सराव करणाऱ्यांसाठी आहे. हितेंद्र आणि महेंद्र महाजन या नाशिकच्या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पुरी केली. त्यांच्यासारख्यांनी ते खुशाल दाबावे. बाकीच्यांनी दाबले तर आकडा खाली येतो आणि अंग तसेच राहते.

कातडीचा चिमटा

कॅलिपर नावाचा हा चिमटा घरच्या कामाचा कमी, तालमीतल्या जाणकाराच्या हाताचा जास्त.

• वापरायचाच तर डर्निन आणि वोमर्सली यांच्या १९७४ च्या चार जागा घ्याव्यात: दंडाची पुढची बाजू, मागची बाजू, खांद्याच्या पात्याखाली आणि कमरेच्या हाडावर. पात्याखाली आपला हात पोचत नाही, म्हणून दर वेळी एकाच माणसाने मोजावे.

• घडी धरल्यावर दोन सेकंदांत आकडा वाचावा. जास्त वेळ दाबले की घडी बसत जाते.

• चिमटा कमी दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नये. कातडीखालची चरबी त्यात येते, यकृताभोवतीची आणि आतड्यांवरची येत नाही. पोट पुढे आलेले आणि घट्ट, चिमटीत काहीच येत नाही, अशा माणसाने तर जास्त सावध व्हावे.

• म्हाताऱ्या माणसांची सैल कातडी चिमट्यात धरून काही ठरवू नये. त्यांच्या बाबतीत टेप, आणि खुर्चीतून हात न टेकता उठता येते का, हे पाहावे.

आकडा हातात आल्यावर

• नुसते वजन, उंची, वय विचारून टक्का सांगणाऱ्या ॲपवर विसंबू नये. ते बीएमआयवरूनच गणित करते. वय सारखे धरले तर अशा ॲपने याज्ञिक आणि युडकिन दोघांनाही एकच टक्का दिला असता. खरा फरक बारा टक्क्यांचा होता.

• साधन बदलून आकडे ताडू नयेत. जिमच्या यंत्रावर २८, घरच्या काट्यावर २४, टेपने २३ असे येणारच. एक साधन धरावे आणि त्याच्याच जुन्या आकड्याशी नवा आकडा ताडावा.

• काट्यावर रोज चढू नये. टेप महिन्यातून एकदा पुरे, काटा फार तर आठवड्यातून एकदा. तीन महिन्यांची ओळ एका दिशेने जात असेल तरच तिला बदल म्हणावे.

• मुलांना मोठ्यांच्या काट्यावर उभे करू नये आणि त्यांचा टक्का घरात उच्चारू नये. वाढत्या मुलींच्या बाबतीत तर अजिबात नाही. बाईच्या शरीराला जगण्यापुरतीच दहा-बारा टक्के चरबी लागते, पुरुषाला लागते त्याहून बरीच जास्त. ती तोडली की पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. एखादी मुलगी पुन्हा पुन्हा मोजते आहे, ताटातले कमी करते आहे असे दिसले, तर टेप आणि काटा दोन्ही उचलून ठेवावेत आणि तिच्याशी बोलावे. गरज पडली तर डॉक्टरांकडे न्यावे.

• पोट हद्दीबाहेर असेल तर टक्क्याची दुरुस्ती करत बसू नये. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, रक्तदाब आणि रक्तातली चरबी तपासून घ्यावी. वजनकाटा काहीही म्हणो, आणि अंगाने माणूस कितीही वाळका असो.

• वहीत घरातल्या बारीक माणसांचेही पान असावे. घरात जाड कोण हे सगळ्यांना माहीत असते, त्याच्या मागे सगळे लागलेलेच असतात. काडी पैलवानाला कोणी टेप लावत नाही. त्याला शर्ट वर करायला सांगावे, शेवटची बरगडी शोधावी, आणि तिथून सुरुवात करावी.