दगडातील अडतीस पिल्ले

सन २००० मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात टिमोथी रो यांच्या पथकाने एक जीवाश्म खणून काढला. तो होता कायेंटाथेरियम या सुमारे १८.५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा. मध्यम आकाराच्या कुत्र्याएवढा हा वनस्पतिभक्षी प्राणी स्वतः सस्तन नव्हता. परंतु सस्तन प्राण्यांचा तो अगदी जवळचा आप्त होता.

जीवाश्माभोवतीचा खडक पुढे काळजीपूर्वक कोरताना एका विद्यार्थ्याला दातावरील आवरणाचा बारीकसा ठिपका दिसला. क्ष-किरणांच्या साहाय्याने खडकाचे अंतरंग तपासले, तेव्हा प्रौढ प्राण्याजवळ किमान ३८ पिल्लांचे अवशेष आढळले. तो प्रौढ प्राणी बहुधा त्यांची आई असावी. ईव्हा हॉफमन आणि रो यांनी हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध केले.

या शोधाचे महत्त्व कशात आहे? एका वेळच्या पिल्लांची ही संख्या आजच्या कोणत्याही सस्तन प्राण्याच्या सरासरीहून दुपटीपेक्षा अधिक आहे. शिवाय, या पिल्लांची कवटी म्हणजे प्रौढाच्या कवटीची जणू लहान प्रतिकृतीच होती. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचे तसे नसते. त्यांचा मेंदू मोठा होत असल्याने डोके फुगीर आणि चेहरा आखूड असतो.

यावरून शास्त्रज्ञांनी असे अनुमान काढले की, सस्तन प्राण्यांच्या वाटचालीत पिल्लांची संख्या घटणे आणि मेंदू मोठा होणे या दोन गोष्टी परस्परांशी निगडित असाव्यात. मोठ्या मेंदूच्या वाढीसाठी पुष्कळ ऊर्जा लागते. अपत्ये थोडी असली, तरच प्रत्येकाला ती पुरेशी मिळू शकते. आपल्या बुद्धीची कहाणी अशी एका दगडात दडलेली होती.

विचार करा : पिल्लांची संख्या घटणे हा सस्तन प्राण्यांचा तोटा होता की लाभ?