जाळ्यामागची मासळी : जलाशयातील मत्स्यसाठ्याचा अंदाज

उभ्या पिकाची पैसेवारी पीक कापणी प्रयोगावरून ठरविता येते. पाण्याखालील मासळीची अशी पाहणी शक्य नसते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद परिसरातील तलाव असो वा दक्षिण ध्रुवाभोवतीचा महासागर, जाळ्यात किती आले यावरूनच पाण्यात किती उरले याचा अदमास बांधावा लागतो. त्यासाठी ‘पकड-दर’, म्हणजे ठराविक वेळ लावलेल्या एका जाळ्यामागे मिळणारी मासळी, हे उपयुक्त साधन होय.

केवळ एकूण उत्पादन पाहिल्यास दिशाभूल होते. समजा, एका तलावात गतवर्षी दररोज १० जाळ्यांत १०० किलो मासळी मिळाली आणि यंदा २० जाळ्यांत तेवढीच मिळाली. उत्पादन कायम दिसते. परंतु पकड-दर १० किलोवरून ५ किलोवर आला आहे. साठा घटल्याची ही सूचना होय.

याच दरावरून साठ्याचा अंदाजही काढता येतो. हंगामाच्या प्रारंभी दर १० किलो होता आणि ४०० किलो मासळी काढल्यावर तो ८ किलो झाला, असे समजू. दर एक पंचमांशाने घटला, म्हणजे साठ्याचा पाचवा भाग निघाला. अर्थात मूळ साठा सुमारे २,००० किलो असून १,६०० किलो शिल्लक आहे. मात्र या काळात नवे मत्स्यबीज सोडलेले नसावे आणि जाळी व पाण्याची पातळी सारखीच असावी.

ही अट महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की रोहू, कटला, मृगळ थोड्या जागेत एकवटतात आणि साठा वाढला नसतानाही दर वाढतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याजवळील थंड समुद्रात असाच भ्रम महागात पडला. कॉड मासे घटत असताना उरलेले थवे एकत्र येत राहिले, मोठ्या नौकांचा पकड-दर चांगलाच दिसला आणि अखेर १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली. हजारो कुटुंबांचा रोजगार गेला. दक्षिण ध्रुवीय सागरी जीवसंपदेच्या संरक्षणासाठी १९८२ मध्ये अंमलात आलेल्या कराराच्या आयोगाचा भारत १९८६ पासून सदस्य आहे. तेथे केवळ पकड-दरावर विसंबून न राहता टूथफिश मासे खुणा करून पाण्यात सोडले जातात व पुन्हा सापडलेल्या माशांवरून साठा पडताळला जातो.

आपल्याकडे प्रारंभ साध्या वहीने करता येईल. मच्छीमार सहकारी संस्थेने दररोज जाळ्यांची संख्या, जाळ्याच्या आसाचा आकार, लागलेले तास, जातवार वजन आणि पाण्याची पातळी नोंदवावी. तुलना सारख्याच पातळीच्या दिवसांची करावी. शाळेतील विद्यार्थ्यांकडून या आकड्यांचा आलेख काढून घेतल्यास गणिताचा पाठही होईल. सारख्या परिस्थितीत दर सतत घटत असल्यास लहान मासळी पकडणे थांबवून मत्स्यबोटुकली सोडण्याचा निर्णय वेळीच घेता येईल. तलाव रिकामा झाल्यावर केलेल्या हिशेबापेक्षा मासळी असतानाच ठेवलेली नोंद अधिक मोलाची ठरेल.