कार्यप्रणालीचे नवीकरण : मार्गाची निवड

संगणकाचे यंत्र आणि त्याच्याकडून काम करवून घेणारा मनुष्य यांच्यामधील दुवा म्हणजे कार्यप्रणाली. यंत्र शाबूत असले तरी कार्यप्रणाली जुनी होतेच. तिच्यातील उणिवा दुरुस्त करण्याचे काम निर्मात्याने थांबविले, की त्या उणिवांतून होणाऱ्या घुसखोरीस पुरेसा अटकाव राहत नाही. २०१५ साली आलेल्या ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा असंख्य लोकांपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

नवीकरणाचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिल्यात जुन्या प्रणालीवरच नवी बसविली जाते. साठविलेले लेखन, छायाचित्रे आणि बहुतेक आज्ञावल्या जागच्या जागी राहतात. यात श्रम थोडे; मात्र जुने साचलेले दोषही बरोबर येऊ शकतात. दुसऱ्या मार्गात साठवणचकती पुसून नवी प्रणाली आरंभापासून उभारली जाते. जुना गाळ निघून जातो. पण प्रत्येक आज्ञावली पुन्हा बसवावी लागते, आणि जी सामग्री अगोदर अन्यत्र उतरवून ठेवली नसेल ती नष्ट होते.

निवड करताना प्रथम यंत्राची पात्रता पाहावी. ‘विंडोज ११’ला ६४ बिटांचा मान्यताप्राप्त प्रोसेसर, किमान ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते. यंत्र पात्र असूनही त्यावरील जुनी प्रणाली ३२ बिटांची असेल, तर पहिला मार्ग बंदच होतो. एरवी संगणक सुरळीत चालत असल्यास पहिला मार्ग पुरेसा आहे. जुन्या प्रणालीत वारंवार बिघाड होत असल्यास किंवा तीत विषाणू शिरला असल्यास दुसरा श्रेयस्कर. यंत्र अपात्र ठरले, तरी ते टाकूनच द्यावे असे नाही. लिनक्सवर आधारलेली एखादी विनामूल्य प्रणाली त्यावर बहुधा बसविता येते.

पहिल्या मार्गाने गेल्यास विंडोज जुनी प्रणाली राखून ठेवते आणि साधारणतः १० दिवसांच्या आत मागे फिरता येते. परंतु ही राखण त्याच चकतीवर असते. चकतीच निकामी झाली, तर दोन्ही जातात. म्हणून मार्ग कोणताही असो, आपल्या सामग्रीची एक प्रत वेगळ्या साधनावर उतरवून घ्यावी आणि ती उघडते की नाही, हे आधी पडताळावे. कार्यप्रणाली पुन्हा मिळविता येते. स्वतःचे लेखन आणि घरची छायाचित्रे मिळविता येत नाहीत.