गावरान अंडी धुवावीत का?

प्रश्न : परसात चार कोंबड्या पाळल्या आहेत. अंड्यांना बऱ्याचदा शीट लागलेली असते. सासूबाई म्हणतात, धुऊ नकोस. मग मुलांना द्यायची कशी?

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे, निदान साठवणीपुरतं. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांवर कोंबडीच्या अंगातूनच आलेला पातळ लेप. धुतलं की तो जातो. त्यात पाणी गार असेल तर आतला भाग आक्रसतो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. किरकोळ डाग कोरड्या फडक्याने पुसा. फारच बरबटलेलं अंडं कोमट पाण्याने धुऊन लगेच शिजवा. तडकलेलं सरळ टाकून द्या. खरा इलाज मात्र खुराड्यात आहे. भुसा वरचेवर बदला, अंडी रोज उचला. हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

साल्मोनेलाचे जंतू अंड्याच्या आतही असू शकतात, म्हणून मुलांना हाफ फ्राय नको. बलक घट्ट होऊ द्या. अंडं पाण्यात बुडतं की तरंगतं यावरून शिळं-ताजं कळतं, जंतू नाहीत कळत. कोंबड्यांना औषध चालू असेल, तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते पशुवैद्यांना जरूर विचारा. हे बहुतेक जण विसरतात.