नदीचीं आश्रयस्थानें

वैशाखांत नदी आटते, तरी डोहांत तगलेले मासे पावसाळ्यांत साऱ्या पात्रांत पसरतात, हें आमच्या बालवाचकांनीं पाहिलेंच असेल. मोठ्या संकटानंतरही नदी अशाच आश्रयस्थानांच्या बळावर सजीव होते.

ता. १४ जुलै १९९१ रोजीं रात्रीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, डन्समुइर गांवानजीक, आगगाडीचा टाकीचा डबा सॅक्रामेंटो नदींत कोसळून सुमारें ७२ हजार लिटर तणनाशक सांडलें. तेथून शास्ता सरोवरापर्यंत दहा लाखांहून अधिक मासे मेले, जलकीटकही मेले. परंतु विष पाण्याबरोबर खालींच जाणार! वरचा प्रवाह व बाजूचे ओढे निर्मळ राहिले, आणि तेथलेच ट्राउट मासे हळूहळू मुख्य पात्रांत उतरले. पंख फुटलेले कीटक उडत येऊन अंडीं घालूं लागले. गोगलगाईंस मात्र ना पंख, ना पोहण्याचा वेग. त्यांचें पुनरागमन फार मंद झालें, आणि आम्हांस त्यांचीच अधिक कींव येते.