मोर्सची सक्ती गेली, मग काय गेलं?

मोर्सची सक्ती उठली आणि हॅम रेडिओचा दर्जा गेला, असं जुने हॅम म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. सक्ती होती ती मुख्यतः जहाजांमुळे. त्यांची संकटाची हाक हौशी माणसालाही कळायला हवी. 1999 मध्ये जहाजांनीच मोर्स सोडला. 2003 च्या जिनिव्हा परिषदेने निर्णय त्या त्या देशावर सोपवला, 2007 मध्ये अमेरिकेने अट काढली. आपल्याकडे जनरल ग्रेडला त्यानंतरही मिनिटाला 8 शब्दांची परीक्षा होती.

आता गणित बघा. बोलायला सुमारे 2500 हर्ट्झ लागतात, मोर्सला 250 पुरतात. गोंगाट दहापट कमी, म्हणजे 10 डेसिबल फायदा! कळसूबाईवर नेलेला 5 वॅटचा सेट 50 वॅटच्या बोलण्याची बरोबरी करतो. 2017 मध्ये आलेला एफटी8 याहून क्षीण सिग्नल पकडतो, पण तिथे ऐकतो कॉम्प्युटर.

गेली ती संगत. मोर्ससाठी सिनिअरकडे महिनोन्‌महिने बसावं लागे, त्यात सोल्डरिंग अन् अँटेनाही आपसूक यायचं. तेव्हा शिकायचं तर रूममेटला सोबत घ्या, रोज पंधरा मिनिटं. ठिपके मोजू नका, चाल ऐका. सीक्यू म्हणजे डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा.