लोण्याचा मनोरा

फ्रान्स देशात सेन नदीच्या काठी रूआँ नावाचे प्राचीन नगर आहे. तेथील प्रमुख ख्रिस्तमंदिराच्या एका उंच मनोऱ्यास लोक ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. कठीण पाषाणाच्या वास्तूला हे मऊ नाव कसे पडले, हे ऐकण्यासारखे आहे.

ईस्टरच्या सणापूर्वी ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. मध्ययुगात या काळात केवळ मांसच नव्हे, तर दूध, लोणी, चीज आणि अंडी हीही वर्ज्य असत. जे प्राण्याच्या देहापासून निर्माण होते, ते मांसाबरोबरच सोडावे, असा त्यामागील विचार होता. इटलीसारख्या दक्षिणेकडील देशांत हे व्रत फारसे जड जात नसे; कारण तेथे ऑलिव्हचे तेल विपुल होते. उत्तरेकडील थंड प्रदेशांत मात्र ऑलिव्ह पिकत नाही. तेथे लोणी हाच स्निग्धतेचा मुख्य आधार. दुरून आणलेले तेल गरिबास कोठून परवडणार?

ही अडचण धर्माधिकाऱ्यांना दिसली. परंतु उपाय निघाला तो असा, की जो दान देईल त्याला लोणी खाण्याची परवानगी मिळावी! नॉर्मंडी हा तर दुधालोण्याचा प्रांत. अशा दानातील द्रव्य रूआँच्या मनोऱ्याच्या कामी आले. हे काम १४८५ साली सुरू होऊन १५०६ साली पूर्ण झाले. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतालाही १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी अशीच सशुल्क सवलत दिली.

लोणी खाणे पाप असेल, तर पैसे दिल्याने ते धुतले कसे जाईल? आणि पाप नसेल, तर पैसे कशासाठी? मार्टिन ल्यूथर यांनी १५२० साली या विक्रीवर कठोर टीका केली. पुढे कालांतराने रोमन चर्चने दुधालोण्यावरील बंदी उठविली.

इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मात्र आजही ईस्टरपूर्वी पंचावन्न दिवस दूध, लोणी, अंडी व मांस वर्ज्य करतात आणि डाळी, भाज्या व हरभऱ्याच्या पिठाचे कालवण यांवर निर्वाह करतात.

मुलांनो, रूआँचा मनोरा सुंदर आहे, यात शंका नाही. पण व्रताचे मोल त्यागात असते. पैसे देऊन ज्यातून सुटता येते, ते व्रत शेवटी गरिबालाच तेवढे बांधून ठेवते.

अभ्यास
१. उत्तरेकडील लोकांना हे व्रत अधिक जड का जात असे?
२. ‘व्रताचे मोल त्यागात असते’ हे वाक्य स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.